झरोक्यावरची पट्टी

करकोच्यांचे थवे डोक्यावरून दक्षिणेला गेले, की उत्तरेकडच्या कोर्पिवारा गावातल्या बायकांना साइमी टोलोनेनची आठवण व्हायची. एरवी कुणी तिच्या वाटेला जात नसे. बाई तोंडाची फटकळ. कुणाकडे कॉफीला बसली तर कॉफी पाणचट आहे हे पहिल्याच घोटाला सांगून मोकळी. पण थंडीच्या तोंडावर खिडक्या बंद करायच्या म्हणजे साइमीच हवी. तिच्यासारखा हात तळ्याच्या या काठाला नव्हता आणि त्या काठालाही नव्हता, आणि हे सगळ्यांत आधी तिला स्वतःलाच ठाऊक होतं.

काम दिसायला सोपं. उन्हाळाभर माळ्यावर पडलेल्या आतल्या खिडक्या खाली आणायच्या, काचा पुसायच्या आणि बाहेरच्या खिडकीच्या मागे दुसरी म्हणून बसवायच्या. दोन काचांच्या मधल्या जागेत रानातलं पांढरं शेवाळ पसरायचं, म्हणजे ते ओल पिऊन घेतं आणि काचेवर बर्फ धरत नाही. त्यावर घरधनीण हौसेने लाल रानफळांचे घोस मांडते. मग चौकटीच्या कडेकडेने खळ लावून कागदाच्या पट्ट्या चिकटवायच्या, की वसंतात बर्फ वितळेपर्यंत त्या खिडकीचं नाव काढायचं नाही.

सोपं म्हणणाऱ्यांनी करून बघावं. खळ पातळ झाली की पट्टी सुटते, घट्ट झाली की वाळून तडकते. खळ शिजत असताना साइमी कुणाला बोलू देत नसे, घरमालकालासुद्धा. सगळं झालं की ती मेणबत्ती पेटवायची आणि चौकटीच्या कडेने हळूहळू फिरवायची. ज्योत जरा जरी लवली, की ‘कुठून शिरतोयस रे मेल्या?’ असं थेट वाऱ्यालाच विचारायची आणि ती पट्टी उपटून पुन्हा लावायची. ज्योत खिळ्यासारखी उभी राहिली की मगच कॉफीला बसायची.

प्रत्येक घरात एक जागा मात्र ती सोडायची. निजायच्या खोलीच्या खिडकीत वरच्या कोपऱ्यात वीतभर झरोका असतो. त्याला पट्टी लावायची नाही, नुसती कडी घालायची. का, तर हिवाळ्यात घरातलं कुणी गेलं तर त्याच्या जिवाला जायला वाट हवी. शेवटचा श्वास सुटला की घरातलंच कुणीतरी उठून झरोका उघडतं, सगळे थोडा वेळ गप्प उभे राहतात, मग झरोका लावून पुढच्या कामाला लागतात. साइमीच्या आईने तिला एवढंच सांगितलं होतं, की झरोक्याला हात लावायचा नाही. आईला तिच्या आईने सांगितलं असणार. त्यापलीकडे कुणी काही विचारलं नाही. विचारायला हवं होतं, पण आपल्याकडे रीत म्हटली की माणसाची जीभ टाळ्याला चिकटते.

साइमीचा मुलगा उर्पो युद्धावरून परत आला तो एकटा, धड दोन शब्द न बोलणारा. त्याने जुन्या घराशेजारीच नवं घर बांधलं. भिंतींत लाकडाचा भुसा ठासून भरलेला, मधोमध विटांची मोठी भट्टी. जुनं घर पाडलं आणि साइमी अंगणापलीकडच्या एका खोलीच्या झोपडीत राहायला गेली. मग त्याने बंदरावरच्या गावातून बायको आणली. तिचं नाव इर्या. बोलायला चुरचुरीत, हसायला मोकळी. सासूला तिने पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं, ‘आई, तुमच्या हातची कॉफीही काही फार दाट नसते हं.’ साइमीला ही सून आवडली होती. तोंडाने ती कधी तसं म्हणाली नाही, तो भाग वेगळा.

पहिलं बाळ मुलगा होता. ऐन थंडीत त्याला खोकला झाला, छातीत घरघर लागली, आणि डॉक्टरला आणायला उर्पो घोडा जोडत होता तेवढ्यात ते गेलं. झरोका साइमीने उघडला. घरात दुसरं होतं कोण? खाटेच्या कडेवर बसलेली इर्या सासूच्या त्या हाताकडे बघत होती. त्या दिवसापासून तिचं हसणं गेलं. शेजाऱ्यापाजाऱ्यांत ती एकच बोलायची, की माझ्या लेकराला वारा लागला. कुठून लागला, हे बोलायची नाही, पण तिची नजर कुठे जाते ते साइमीला दिसायचं.

पुढच्या उन्हाळ्यात मुलगी झाली. राइली. गुटगुटीत, टकलू, आजीच्या बोटाला धरून ठेवणारी. साइमी दिवसातून दोनदा काहीतरी निमित्त काढून अंगण ओलांडायची.

शरद आला, करकोचे गेले. साइमी गावची घरं उरकून शेवटी मुलाच्या घरी आली. सगळ्या खिडक्या झाल्या. निजायच्या खोलीत खळीचं भांडं उचलून ती निघाली, तर इर्या दारात आडवी उभी.

‘झरोका राहिला, आई.’

‘झरोका बंद करत नसतात.’

‘कुणी करत नसेल. आपण करायचा.’

‘अगं, रीत आहे ती.’

‘कसली रीत? मरण येईल म्हणून त्याच्यासाठी आधीच वाट काढून ठेवायची रीत? पाहुण्याचा पत्ता नाही आणि आपण कॉफी उकळून बसायचं!’

‘तोंड सांभाळ, इर्या.’

‘गेल्या वर्षी होती ना वाट? मिळाली त्याला. यंदा या घरातून कुणी जाणार नाहीये. मग वाट हवीच कशाला?’ तिचा आवाज चिरकला. कडेवरच्या राइलीने आईच्या तोंडाकडे बघितलं.

उर्पो बाहेरच्या दाराशी बुटाची नाडी बांधत बसला होता. नाडी बांधायला एवढा वेळ कुणाला लागत नाही.

‘कर ना गं ती म्हणते तसं,’ तो खाली मान घालून म्हणाला. ‘एक पट्टीच तर आहे.’

‘एवढंच आहे तर तू लाव.’

‘मी लावली तर सुटेल. तुझी सुटत नाही.’

हे खरंच होतं. साइमीने स्टूल ओढलं, वर चढली आणि झरोक्याच्या चारी कडांना पट्ट्या लावल्या, बोटाने दाबून, कोपरे दुहेरी करून. मेणबत्ती फिरवली. ज्योत हलली नाही. खरं सांगायचं तर तिला बरंच वाटलं. त्या झरोक्याची फट तिला वर्षानुवर्षं दातात अडकलेल्या तुसासारखी सलत होती. सगळं घर बंद करायचं आणि एक भोक आपणच सोडून यायचं. इर्याने राइलीला खाली ठेवलं आणि सासूला मिठी मारली. असल्या मिठ्याबिठ्यांची त्या घरात सवय नव्हती. ‘पुरे पुरे, खळ लागेल,’ म्हणत साइमी तिच्या खांद्यावर थोपटत राहिली.

शेजारच्या हुल्दाला हे कळलं तेव्हा तिने हातातली कपबशी खाली ठेवली. हुल्दा म्हणजे साइमीची लहानपणची मैत्रीण आणि जन्माची भांडखोर.

‘झरोकासुद्धा?’

‘सुनेची इच्छा.’

‘इच्छा म्हणे! साइमे, मरणाला जायला वाट ठेवली नाही, तर ते जात नाही. घरातच बसून राहतं.’

‘तुझ्या जिभेला काही हाड? लेकरू आहे त्या घरात.’

‘म्हणूनच बोलते,’ हुल्दा म्हणाली, आणि मग तिने मुद्दाम बटाट्यांचा विषय काढला.

पण घर काय उबदार झालं म्हणता! आलेला माणूस दारातच शाल काढायचा. गावातल्या बायका खिडकीशी गाल नेऊन बघायच्या आणि ‘बाई बाई, जराही गारवा नाही’ म्हणायच्या. बाहेर नाकातला श्वास गोठत असताना इर्या राइलीला खिडकीपाशी उघडी करून न्हाऊ घालायची आणि पोर पाय झाडून सगळीकडे पाणी उडवायची. इर्या पुन्हा हसायला लागली होती. ते ऐकून साइमी अंगणात उगाच थांबायची, लाकडाची मोळी हातात धरून.

एक-दोन गोष्टी होत्या, पण त्यांना कोण विचारतो. इर्याचं दुपारी डोकं जड व्हायचं. जागरणं, दुसरं काय, असं साइमीच म्हणाली. मांजर भट्टीच्या कट्ट्यावरची ऊब सोडून दाराच्या फटीशी नाक लावून निजायला लागलं होतं. त्याला उर्पो ‘वेडं झालंय’ म्हणाला.

भट्टीचं असं असतं. सकाळी लाकडं भरून पेटवायची, ती जळून निखारे झाले आणि निखारे काळवंडले, की धुराड्याची झडप लावून टाकायची, म्हणजे विटांमधली ऊब दुसऱ्या दिवसापर्यंत घरात टिकते. झडप उशिरा लावली तर ऊब आभाळात जाते. लवकर लावली तर निखाऱ्याचा विखार घरात राहतो. त्याला वास नाही, रंग नाही; माणसाला नुसती झोप येते. निखाऱ्यावर निळी ज्योत खेळते आहे तोवर झडपेला हात लावायचा नाही, हे तिथल्या पोरांना चालता यायच्या आधी समजतं. तरीही कडाक्याच्या थंडीत सगळेच थोडी चोरी करतात. जरा लवकर लावतात. काय बिघडतं? जुन्या घरांना हजार फटी, त्यांत ती चोरी पचून जायची. या घराला फट उरली नव्हती. शेवटची होती ती बुजली होती. हे दोन्ही तेव्हा कुणी जोडून बघितलं नाही, मेणबत्ती घेऊन फिरणाऱ्या साइमीनेही नाही.

तिला एवढंच दिसायचं, की मुलाच्या घराचा धूर फार लवकर थांबतो. एकदा तिला राहवलं नाही.

‘झडप लवकर लावतेस तू.’

‘तुम्ही काय तिथून माझ्या धुराड्याची राखण करत बसता?’ इर्या हसतच म्हणाली, पण हसण्यात कड होती.

‘निळी ज्योत गेल्याशिवाय...’

‘माहीत आहे, आई. बंदरावर काय आम्ही शेकोटीभोवती नाचत होतो? पोरीच्या अंगाखालची गादी गार पडते. मला ते सहन होत नाही. एकदा झालं तेवढं पुरे झालं.’

संध्याकाळी उर्पो झोपडीत येऊन बराच वेळ टोपी हातात फिरवत बसला. ‘आई, तिला तिचं घर चालवू दे गं,’ शेवटी म्हणाला. ‘तू गेल्यावर रडत होती.’

साइमीने त्या दिवशी मनाशी गाठ मारली, की आता एक शब्द काढायचा नाही. फटकळ माणूस गप्प राहायचं ठरवतो तेव्हा नेमका नको तिथे गप्प राहतो.

मग ती थंडी आली. भिंतींची लाकडं बंदुकीच्या बारासारखी वाजायची. तळ्यावरचं बर्फ कण्हायचं. उर्पो घोडा घेऊन उजाडायच्या आत जंगलात लाकूड ओढायला गेला. साइमीने भाकरीचं काळं पीठ मळायला घेतलं. खिडकीतून मुलाच्या घराचा धूर दिसत होता, सरळ वर गेलेला, जाड, पांढरा. तिने एक भाकरी थापली, मान वर केली, आणि धूर नव्हता.

एवढ्यात? आत्ता तर कुठे लाकडांचे निखारे झाले असतील. साइमीच्या मनात पाल चुकचुकली. तिने हात पुसले, शालीकडे गेली, आणि तिथूनच परत फिरली. पुन्हा धुराड्याची राखण? पुन्हा पोरगी रडणार, पुन्हा उर्पो टोपी फिरवत बसणार. नकोच ते. तिने दुसरी भाकरी थापली, ती वेडीवाकडी झाली. तिसरी थापली. भाकऱ्या भाजून झाल्या तरी धुराड्यातून काही निघालं नाही. रोज याच सुमाराला इर्या राइलीची धुतलेली दुपटी अंगणातल्या दोरीवर टाकायची आणि ती टाकताक्षणी पत्र्यासारखी कडक व्हायची. आज दोरी मोकळी होती.

‘गरम भाकरी द्यायला आले, एवढंच म्हणायचं,’ ती स्वतःशी मोठ्याने म्हणाली, आणि भाकरी फडक्यात गुंडाळून निघाली.

दाराला आतून कडी होती. थंडीत लाकूड आकसून दार किलकिलं होतं म्हणून सगळेच घालतात. साइमीने हाक मारली, दार ठोठावलं, मग बर्फातून घराला वळसा घालून निजायच्या खोलीच्या खिडकीशी आली. इतक्या थंडीतही काच लख्ख होती, बर्फाची एक नक्षी नव्हती. तिचंच काम. आतलं सगळं स्वच्छ दिसत होतं.

खाटेवर इर्या कुशीवर निजली होती आणि तिच्या हाताच्या वेढ्यात राइली. दोघींचे गाल गुलाबी, टवटवीत. वर्षभरात सुनेच्या तोंडावर असा रंग साइमीने बघितला नव्हता. किती गाढ झोपल्यात गं माझ्या बाया, तिच्या मनात आलं. डोळे भरून आले तिचे. काचेवर टकटक करायला उचललेला हात तिने खाली घेतला. झोपू दे. भाकरी उंबऱ्यावर ठेवून जाऊ. ती वळली आणि चालू लागली.

आणि मग तिच्या लक्षात आलं, आपण काय बघितलं ते. इर्याच्या छातीवरचं कापड ओलंचिंब होतं. दूध भरून येऊन वाहून गेलं होतं, पाजायची वेळ केव्हाच टळून गेली होती, आणि आईला जाग नव्हती आणि पोर रडत नव्हतं.

‘इर्या!’ ती काचेवर दोन्ही मुठी आपटू लागली. ‘अगं इर्या! ऊठ! ऊठ गं माझे आई!’

आत काही हललं नाही. दोन काचा, मधे शेवाळ, चारी बाजूंनी चिकटवलेला कागद. जिथून वारा जात नाही तिथून हाकही जात नाही, हे इतक्या वर्षांत तिला कधी सुचलं नव्हतं.

लाकडं फोडायच्या ओंडक्यात कुऱ्हाड रुतलेली होती. ती तिने कशी उपटली देव जाणे. पहिल्या घावाला बाहेरची काच फुटली. दुसरा घाव शेवाळात बसला, लाल फळं बर्फावर सांडली. तिसऱ्याला आतली काच गेली. चौकट मात्र जागची हलेना. पट्ट्या धरून बसल्या होत्या. काचेचे दात हातांनी मोडत, तळवे कापून घेत ती आत उतरली. खोलीत कसलाच वास नव्हता. छान ऊब होती. मधल्या खोलीत भट्टीच्या दाराच्या फटीतून निखारे दिसत होते आणि त्यांच्यावर निळी ज्योत अजून खेळत होती. साइमीचं डोकं गरगरलं. रांगत जाऊन तिने बाहेरच्या दाराची कडी काढली, दार सताड उघडलं, परत आली, आधी पोरीला उचललं.

काच फुटल्याचा आवाज अशा थंडीत तळ्यापलीकडेही जातो. हुल्दा डोक्यावर काही न घेता धावत आली. इर्याला काखेत धरून तिने उंबऱ्यापर्यंत ओढत आणलं, तोंडाला बर्फ चोळलं, थोबाडीत मारल्या, ‘श्वास घे, सटवे, श्वास घे,’ म्हणत राहिली. साइमी भिंतीला टेकून बसली होती. मांडीवर राइली. ती पोरीच्या तोंडात श्वास फुंकत होती. फुंकायची, कान लावायची, पुन्हा फुंकायची. पोरीचे गाल तसेच गुलाबी होते. साइमीच्या हातांचं रक्त तिच्या दुपट्याला लागत होतं. ती फुंकत राहिली, हुल्दाने तिच्या खांद्यावर हात ठेवला तरी, तो हात तिथेच राहिला तरी. मग ती थांबली. तिने दुपट्याचं टोक नीट खोचलं आणि पोरीला छातीशी घट्ट धरून बसून राहिली.

तेवढ्यात इर्याला ओकारी आली. पुन्हा आली. तिने खोल श्वास ओढला, खोकली, आणि डोळे उघडले. डोळ्यांत ओळख यायला वेळ लागला. तिने हुल्दाकडे बघितलं, आतल्या फुटलेल्या खिडकीकडे बघितलं, मग सासूकडे आणि तिच्या छातीशी धरलेल्या दुपट्याकडे.

‘आई,’ ती जडावलेल्या जिभेने म्हणाली, ‘खिडकी उघडी आहे. राइलीला वारा लागेल.’

हुल्दाने तोंडात पदर कोंबावा तशी शालीची कड कोंबली.

‘हो गं पोरी,’ साइमी म्हणाली. ‘बंद करते हं. आत्ता करते.’ बाळ तिने हुल्दाच्या हातात दिलं, भिंतीला धरून उठली, खाटेवरची रजई ओढून घेतली, आणि ती फुटलेल्या चौकटीवर लावून दोन्ही हातांनी घट्ट दाबून धरली.